रक्तातले लोह आणि थॅलेसेमियातील मधुमेह : शंभर वर्षांचा इतिहास

थॅलेसेमिया मेजर या आनुवंशिक आजारात मुलाच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयारच होत नाही. वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवले, तरच ते मूल जगते. हे उपचार नीट चालू राहिले, मूल वाढले, शाळा संपवून महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आले, की काही रुग्णांमध्ये एक दुसराच आजार डोके वर काढतो. तो म्हणजे मधुमेह. ही मुले स्थूल नसतात; उलट बहुतेक जण अंगाने किरकोळच असतात. बालवयातील नेहमीच्या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच स्वादुपिंडावर उलटते. येथे मुख्य कारण तेही नसते. ज्या रक्ताने त्यांना जगवले, त्याच रक्तातील लोह त्यांच्या स्वादुपिंडात साचलेले असते. जुन्या काळातील थॅलेसेमियाग्रस्त मुलांमध्ये हा मधुमेह फारसा दिसला नाही, कारण तो होण्याइतकी ती जगलीच नाहीत.

लोह आणि मधुमेह यांचा संबंध मात्र थॅलेसेमियाला नाव मिळण्याच्याही आधी वैद्यकाच्या नजरेस आला होता. १८६५ मध्ये पॅरिसमधील आर्मां त्रुसो यांनी मधुमेह, कठीण झालेले यकृत आणि काशासारखी काळपट झालेली त्वचा अशी तीन लक्षणे एकत्र असलेल्या रुग्णाचे वर्णन केले. पुढे अशा रुग्णांच्या आजाराला 'ब्राँझ डायबेटिस' म्हणू लागले. १८८९ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी शवविच्छेदनात सापडणाऱ्या या लोहयुक्त रंगद्रव्याच्या साचण्याला 'हिमोक्रोमॅटोसिस' हे नाव दिले. १९३५ मध्ये इंग्लंडमधील जोसेफ शेल्डन यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या तीनशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासून निष्कर्ष काढला, की हा लोहाच्या चयापचयातील जन्मजात दोष आहे. म्हणजे लोह जास्त झाले तर स्वादुपिंड निकामी होऊ शकते, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुस्तकांत नोंदले गेले होते.

थॅलेसेमियाची नोंद झाली ती याच सुमारास. १९२५ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात थॉमस कूली आणि पर्ल ली यांनी तीव्र पंडुरोग, वाढलेली प्लीहा आणि चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांत विशिष्ट बदल असलेल्या काही बालकांचे वर्णन केले. यातील बरेच रुग्ण इटली, ग्रीस अशा भूमध्य सागराकाठच्या देशांतून आलेल्या कुटुंबांतील असल्याचे पुढे दिसत गेले. म्हणून १९३२ मध्ये रॉचेस्टरच्या जॉर्ज व्हिपल आणि विल्यम ब्रॅडफर्ड यांनी समुद्रवाचक ग्रीक शब्दावरून 'थॅलेसेमिया' हे नाव रूढ केले. पंडुरोगावरील संशोधनासाठी व्हिपल यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोघांनी १९३६ मध्ये आणखी एक निबंध लिहिला आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या अवयवांत दिसणारी रंगद्रव्ये हिमोक्रोमॅटोसिसशी मिळतीजुळती आहेत, हे त्याच्या शीर्षकातच नोंदवले. वाढलेल्या लोहाचा धोका असा आजाराच्या अगदी आरंभीच्या इतिहासातच नोंदला गेला. परंतु त्या काळी ही मुले बालपणीच दगावत. त्यांच्या मधुमेहाची चिंता करण्याची वेळच येत नसे.

समुद्राचे हे नाव भारतासाठी दिशाभूल करणारे ठरले. १९३८ मध्येच कलकत्त्यातून डॉ. मुखर्जी यांनी भारतातील रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले होते, आणि पुढील काळात हा आजार सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली, बंगाली अशा अनेक समाजांत आढळत गेला. थॅलेसेमियाचे जनुक एवढे का टिकून राहिले, याचे उत्तर जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये सुचवले. आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेल्या वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे, असा त्यांचा तर्क होता. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले. हिवतापाचा दीर्घ इतिहास असलेल्या या देशात आज लोकसंख्येच्या सुमारे ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत आणि दर वर्षी दहा हजारांहून अधिक बालके थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्माला येतात.

उपचारांना खरे वळण मिळाले १९६० च्या दशकात. तोवर हिमोग्लोबिन फारच खाली गेले, मूल धापा टाकू लागले, की मग रक्त देण्याची रीत होती. १९६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या आयर्विंग वोलमन यांनी दाखवून दिले, की हिमोग्लोबिन सतत वरच्या पातळीवर राखलेल्या मुलांची वाढ अधिक चांगली होते आणि हाडे व प्लीहाही अधिक निरोगी राहतात. नियमित रक्तसंक्रमण हा त्यानंतर उपचाराचा पाया झाला. मुले खेळू लागली, वयात येईपर्यंत जगू लागली.

त्याबरोबर लोहाचे गणित सुरू झाले. निरोगी प्रौढाच्या शरीरात एकूण लोह ३ ते ४ ग्रॅम असते. आहारातून रोज १ ते २ मिलिग्रॅम लोह आत येते आणि झडणाऱ्या पेशींबरोबर जवळजवळ तेवढेच बाहेर जाते. जास्तीचे लोह उत्सर्जित करण्याची कोणतीही यंत्रणा मानवी शरीरात नाही. रक्ताच्या एका पिशवीत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. महिन्याला दोन पिशव्या लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात म्हणजे वर्षाकाठी सुमारे ५ ग्रॅम लोह शिरते. निरोगी माणसाकडे आयुष्यभर जेवढा साठा असतो, त्याहून अधिक भर केवळ एका वर्षात! शिवाय अस्थिमज्जेतील रक्तनिर्मितीची धडपड निष्फळ ठरत असल्याने शरीर लोहाची टंचाई आहे असे समजून आतड्यातूनही ते अधिक शोषून घेते. लोहशोषणावर अंकुश ठेवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक या आजारात दबलेले असते. पुरेसे रक्त न मिळालेल्या रुग्णांच्या अवयवांतही लोह का साचते, याचा उलगडा हेप्सिडिनचा शोध लागल्यानंतर म्हणजे एकविसाव्या शतकातच नीट झाला.

रक्तात लोह वाहून नेण्याचे काम ट्रान्सफरिन हे प्रथिन करते. त्याची क्षमता संपली, की लोह मोकाट सुटते. हे मोकाट लोह यकृतात तर जातेच, पण हृदय, पीयूषिका, थायरॉइड आणि स्वादुपिंड यांच्या पेशींतही शिरते. कॅल्शियमसाठी असलेली प्रवेशद्वारे त्यासाठी वापरली जात असावीत, असे मानले जाते. स्वादुपिंडातील बीटा पेशींना इन्शुलिन सोडताना दर वेळी ही द्वारे उघडावी लागतात. पेशीच्या आत लोह काय करते, याचे रसायनशास्त्र हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्येच वर्णिलेल्या अभिक्रियेशी जोडलेले आहे. लोहाच्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अतिशय आक्रमक मूलके तयार होतात आणि ती पेशीपटल, प्रथिने, डीएनए अशा सर्वांना इजा करतात. इतर पेशींकडे या माऱ्याला तोंड देणारी विकरे विपुल असतात. बीटा पेशींकडे ती फारच थोडी असतात. त्यामुळे त्या लवकर बळी पडतात.

पण मधुमेह एका दिवसात होत नाही. १९७० च्या दशकात थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या शर्करा-चयापचयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. १९८८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात असे दिसले, की नियमित रक्त घेणाऱ्या, पण अद्याप मधुमेह न झालेल्या रुग्णांच्या रक्तात इन्शुलिन कमी नसून जास्त असते. लोहाने ग्रासलेले यकृत व स्नायू इन्शुलिनला दाद देत नाहीत, म्हणून बीटा पेशींना अधिक काम करावे लागते. या अवस्थेत उपाशीपोटी साखर सामान्य येते आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. काही वर्षांनी लोहाने आधीच पोखरलेल्या बीटा पेशी थकतात, इन्शुलिन घटते आणि मधुमेह उघड होतो. दूषित रक्तातून हिपॅटायटिस सी झालेल्या रुग्णांमध्ये यकृताची हानी वाढून ही वाटचाल आणखी वेगवान होते. भारतात १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद झाली. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी त्यानंतर सक्तीची झाली. त्याआधी रक्त घेतलेल्या अनेक मुलांच्या वाट्याला हे दुहेरी ओझे आले.

शरीर लोह बाहेर टाकत नसेल, तर ते बाहेर काढावे लागेल. यासाठीचे पहिले प्रभावी औषध मातीतल्या जिवाणूकडून मिळाले. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनी आणि झुरिक येथील तंत्रविद्यापीठाचे शास्त्रज्ञ स्ट्रेप्टोमायसीस पिलोसस या जिवाणूच्या लोहयुक्त संयुगांवर काम करत होते. त्यातून १९६० च्या सुमारास डेफेरॉक्झामिन हाती आले. लोहाला घट्ट पकडून लघवी व विष्ठेवाटे बाहेर नेण्याचा त्याचा गुण थॅलेसेमियासाठी उपयोगी पडला. १९६२ पासून लंडनमध्ये त्याचा वापर सुरू झाला. १९७६-७७ मध्ये लंडन आणि बोस्टन येथील डॉक्टरांनी दाखवले, की लहानशा पंपाने त्वचेखाली संथपणे, अनेक तास हे औषध दिल्यास पुरेसे लोह निघते. मात्र त्याची किंमत रुग्णाला रोज मोजावी लागते. आठवड्यातील पाच ते सात रात्री, प्रत्येक रात्री आठ ते बारा तास पोटाला सुई टोचून झोपायचे, तेही बालपणापासून आयुष्यभर!

या कष्टांचे फळ काय, याचे उत्तर १९९४ मध्ये अमेरिकी व कॅनडियन रुग्णांवरील अभ्यासांतून मिळाले. गॅरी ब्रिटनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवून दिले, की रक्ताबरोबर येणाऱ्या लोहाच्या प्रमाणात हे औषध लहान वयापासून दिल्यास मधुमेह, हृदयविकार आणि अकाली मृत्यू या तिन्हींपासून संरक्षण मिळते. या मधुमेहाला थॅलेसेमियाचा अटळ भाग मानण्याचे कारण तेथे संपले. तो मुख्यतः न काढलेल्या लोहाचा परिणाम आहे, हे सिद्ध झाले. इटलीतील सात केंद्रांनी १९६० नंतर जन्मलेल्या ९७७ रुग्णांचा आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ६.४ टक्के रुग्णांना मधुमेह आढळला. नंतरच्या काळात जन्मलेल्यांचे आयुर्मान मात्र आधीच्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. जगभरातील अभ्यासांचे २०१९ मधील एकत्रित विश्लेषणही मधुमेहाचे प्रमाण साधारण ६ ते ७ टक्के असल्याचे सांगते. मधुमेहाच्या अलीकडच्या, बिघडलेल्या शर्करा-चयापचयाच्या अवस्थेत असलेले रुग्ण मात्र त्याहून बरेच अधिक आहेत.

भारतात हा प्रश्न अधिक बिकट होता. रक्त मोफत किंवा स्वस्तात मिळवता येई. पंप आणि आयात इंजेक्शने बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून गोळीच्या रूपातील औषधाची ओढ येथे सर्वाधिक होती. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये संश्लेषित झालेल्या डेफेरिप्रोन या औषधाच्या दीर्घकालीन चाचण्या मुंबईत डॉ. एम. बी. अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केल्या आणि त्यांचे निष्कर्ष १९९२ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ हिमॅटॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यास भारत हा या औषधाला परवानगी देणारा जगातील पहिला देश ठरला आणि सिप्ला कंपनीने ते 'केल्फर' या नावाने बाजारात आणले. युरोपात त्याला १९९९ मध्ये, तर अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. गोळी निर्धोक नव्हती. काही रुग्णांत पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरत, म्हणून वारंवार रक्ततपासणी आवश्यक होती. तरीही ज्यांना दुसरा पर्यायच नव्हता, अशा हजारो भारतीय मुलांना तिने लोह काढण्याची पहिली संधी दिली. दिवसातून एकदा घ्यायचे डेफेरासिरॉक्स २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि पुढे तेही भारतात पोहोचले.

औषध देणे आणि ते पुरेसे आहे की नाही हे मोजणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रक्तातील फेरिटिन मोजण्याची पद्धत १९७२ पासून उपलब्ध झाली. ही तपासणी स्वस्त आहे. पण संसर्ग किंवा दाह असला तरी फेरिटिन वाढते आणि लोह नेमके कोणत्या अवयवात आहे, हे त्यावरून कळत नाही. येथे भौतिकशास्त्र कामी आले. एमआरआय यंत्रातील चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या केंद्रकांकडून जो संकेत मिळतो, तो पेशींत साठलेल्या लोहामुळे लवकर विझतो, कारण लोहाचे सूक्ष्म कण आसपासचे क्षेत्र विस्कटून टाकतात. संकेत विझण्याच्या या कालावधीला 'टी-टू-स्टार' म्हणतात. २००१ मध्ये लंडनमधील संशोधकांनी हृदयातील लोह या पद्धतीने मोजून दाखवले. तो काळ २० मिलिसेकंदांहून कमी असेल, तर हृदयात लोह साचले आहे असे समजतात. २००९ मध्ये लॉस एंजेलिस येथील गटाने स्वादुपिंडाचे असेच मापन करून एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आणली. लोह साधारणपणे आधी स्वादुपिंडात आणि नंतर हृदयात साचते. ज्यांचे स्वादुपिंड लोहमुक्त, त्यांचे हृदयही लोहमुक्त आढळले. थॅलेसेमियाच्या रुग्णांचा मृत्यू बहुतांशी हृदयविकाराने होत आला आहे, हे लक्षात घेता या निष्कर्षाचे मोल कळते. स्वादुपिंडात दिसणारे लोह ही हृदयासाठीही आगाऊ सूचना असते.

मधुमेहाच्या निदानात मात्र एक सापळा आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो नीट समजून घ्यावा. आज मधुमेहासाठी सर्वत्र एचबीए१सी ही तपासणी केली जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इराणी शास्त्रज्ञ सॅम्युएल राहबर यांना मधुमेहींच्या रक्तात हिमोग्लोबिनचा हा प्रकार वाढलेला आढळला. साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते, म्हणून तांबड्या पेशींच्या आयुष्यातील गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर त्यातून कळते. पण दर तीन आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील बहुतेक तांबड्या पेशी दात्यांच्या असतात. त्यांच्यावरील साखरेचा काही भाग दात्याच्या शरीरातच चिकटलेला असतो आणि रुग्णाच्या शरीरात त्या किती दिवस राहिल्या, हेही दर वेळी बदलते. त्यामुळे या रुग्णांत एचबीए१सीचा आकडा भरवशाचा राहत नाही. तो सामान्य आला म्हणून निर्धास्त राहिलेल्या रुग्णाचा मधुमेह वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. उपाशीपोटीची साखरही पहिल्या अवस्थेत फसवते. म्हणून थॅलेसेमियाविषयीचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन असे, की वयाच्या दहाव्या वर्षापासून दर वर्षी ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजावी. ती १४० ते १९९ मिलिग्रॅम आल्यास धोक्याची पूर्वसूचना आणि २०० किंवा अधिक आल्यास मधुमेह. या पूर्वसूचनेचा उपयोग होतो. अथेन्समधील फारमाकी यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले, की दोन औषधे एकत्र देऊन लोह जवळजवळ सामान्य पातळीवर आणल्यास काही रुग्णांचे बिघडलेले शर्करा-चयापचय पुन्हा सुधारते.

भारतीय रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने हेही दाखवले, की भारतीय नवजात बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. सडपातळ शरीर म्हणजे मधुमेहापासून अभय, हे समीकरण आपल्याकडे निरोगी माणसांतही टिकत नाही. ज्या थॅलेसेमिया रुग्णाच्या आईवडिलांना किंवा आजी-आजोबांना मधुमेह आहे, त्याच्या बाबतीत लोहाची हानी आणि घराण्यातून आलेला कल असे दोन्ही धोके एकत्र येऊ शकतात. तो किरकोळ दिसतो, म्हणून तपासणी टाळण्याचे कारण नाही.

गेल्या दशकात देशाने या आजाराची दखल घेतली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय आरोग्य अभियानाने हिमोग्लोबिनविकारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१७ पासून 'थॅलेसेमिया बाल सेवा योजने'तून अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी साहाय्य मिळू लागले. जनुकोपचारांना अमेरिकेत २०२२ पासून मान्यता मिळू लागली. परंतु प्रत्यारोपण असो वा जनुकोपचार, ते पुढील रक्तसंक्रमण थांबवतात. आधी साचलेले लोह आपोआप निघून जात नाही आणि नष्ट झालेल्या बीटा पेशी परत येत नाहीत. प्रत्यारोपणाच्या यशाचा अंदाजही पूर्वी लोह किती नियमितपणे काढले गेले होते, यावर काही अंशी अवलंबून असतो. इटलीतील पेझारो येथील डॉक्टरांनी रुग्णांचे जे वर्ग पाडले, त्यांच्या निकषांत लोहनिःसारणाची नियमितता समाविष्ट होती.

रक्तदान शिबिरांत जमा होणाऱ्या पिशव्यांमुळे या देशातील हजारो मुले आज तारुण्यात पोहोचत आहेत. ते यश मोठे आहे. पण ज्या केंद्रात रक्ताची पिशवी नियमित मिळते, तेथे लोह काढण्याची गोळीही तितकीच नियमित मिळाली पाहिजे आणि दहा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा ग्लुकोज तपासणी झाली पाहिजे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. थोडे ग्लुकोज, पेलाभर पाणी, दोन तासांची प्रतीक्षा आणि रक्ताचे काही थेंब एवढे पुरते.